चीनमधले सुधारक आपसात नक्की कशावरून भांडत होते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.ए.साठी छिंग राजवटीच्या शेवटच्या काळातल्या सुधारणांवर टिपण लिहायचंय, गाईडमध्ये "सनातनी, सुधारणावादी, क्रांतिकारक" असे तीन खाने दिलेत, त्यात एकेक माणूस बसवला तर चालेल का, आणि वाद "पाश्चात्त्यांचं घ्यायचं की नाही" एवढाच होता ना? आणि शेवटी खरं कोणाचं ठरलं?

चालेल, मार्कही मिळतील. पण बरोबर नाही ते. मी वीसेक वर्षं हा विषय शिकवतोय आणि दर वर्षी पेपर तपासताना हेच तीन खाने समोर येतात, त्यामुळे आता जरा सविस्तरच लिहितो. (नावांचे उच्चार माझ्या सवयीने लिहिलेत, इंग्रजी पुस्तकांत प्रत्येकाची दोन-दोन स्पेलिंगं असतात, गोंधळू नका.)

माझं म्हणणं असं की भांडण "बदलायचं की नाही" यावर कमी होतं आणि "वाचवायचं काय" यावर जास्त होतं. राज्य, राजघराणं, कन्फ्यूशियसची शिकवण आणि तिथली माणसं, ही चार वेगळी आहेत असं 1840 साली कोणाच्या डोक्यातही नव्हतं, एक वाचलं की बाकीची वाचलीच. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत ही गाठ सुटत गेली, आणि जो तो आपापलं एकेक धरून बसला आणि बाकीच्यावर पाणी सोडायला तयार झाला. ही गाठ कोणी कुठे सोडली ते बघत गेलात तर टिपण आपोआप उभं राहील.

सुरुवात सगळे अफूच्या युद्धापासून करतात, करा. कँटनला अफू नष्ट करणारा लिन त्सेशू बडतर्फ झाला तेव्हा त्याने परदेशांबद्दल जमवलेली कागदपत्रं मित्राला, वेई युआनला दिली आणि त्यातून समुद्रापलीकडच्या देशांवरचा एक भला मोठा ग्रंथ तयार झाला. त्यातलं वाक्य प्रसिद्ध आहे, परक्यांचं कसब शिकून परक्यांनाच आवरायचं. गंमत म्हणजे तो ग्रंथ जपानमध्ये जास्त मन लावून वाचला गेला.

पण माझ्या मते फंग क्वेईफन जास्त महत्त्वाचा, आणि त्याला कोणी दोन ओळींपलीकडे जागा देत नाही. 1860 साली इंग्रज-फ्रेंच फौजा पेकिंगमध्ये घुसल्या, दक्षिणेत ताइपिंग बंडाने थैमान घातलं होतं, आणि हा गृहस्थ सूचौहून पळून शांघायला येऊन बसला होता. तिथे त्याने 1861 च्या सुमारास निबंध लिहिले. त्यात तो साधा प्रश्न विचारतो, ते लहान असून बलवान का आणि आपण मोठे असून दुबळे का? उत्तरात चार उणिवा मोजतो: माणसांची गुणवत्ता आपण वाया घालवतो, जमिनीतून निघेल ते काढत नाही, राजा आणि प्रजा यांच्यात अंतर फार, आणि बोलणं एक नि करणं एक. आता बघा, या चारात तोफ कुठेच नाही! पण पुढे तोच म्हणतो की या चार गोष्टी आपल्या आपणच सुधारायच्या, परक्यांकडून शिकायचं ते फक्त मजबूत बोटी आणि चालणाऱ्या तोफा. म्हणजे रोग अचूक ओळखला आणि औषध मात्र एकच बाहेरून मागवलं. त्याच्यानंतर ली हुंगचांग वगैरे मंडळींनी तोफखाने, गोद्या, भाषाशाळा काढल्या (शांघायचा शस्त्रकारखाना 1865 चा, फूचौची गोदी 1866 ची), ते कुठल्याही पुस्तकात मिळेल, मी त्यात शिरत नाही.

आता तुमचा "सनातनी" खाना. त्यात वोरेन नावाचा गृहस्थ टाकला जातो आणि विषय संपतो. 1867 साली पेकिंगच्या भाषाशाळेत परदेशी शिक्षक ठेवून खगोल आणि गणित शिकवायचं ठरलं, आणि शिकायला कोण, तर सरकारी नोकरीसाठीची कन्फ्यूशियसच्या ग्रंथांवरची परीक्षा पास झालेले पदवीधर. वोरेन हा मोठा पंडित, सम्राटाचा शिक्षक, त्याने अर्ज केला की राज्याचा पाया रीत आणि नीती हा असतो, डावपेच नव्हे, मूळ माणसांच्या मनात असतं, हुन्नरात नाही. शिवाय म्हणाला, गणित शिकवायचंच असेल तर एवढ्या मोठ्या देशात आपला माणूस मिळणार नाही का? दरबाराने लगेच खोचकपणे कळवलं, बरं मग तुम्हीच नावं सुचवा. त्याला एकही सुचवता आलं नाही. वर्गात या गोष्टीवर सगळे हसतात, मीही पूर्वी हसायचो. पण त्याचा मुद्दा नीट वाचा. तो म्हणत होता की राज्य चालवणारा वर्ग ज्या शिकवणीवर उभा आहे ती शिकवण देणारी माणसंच तुम्ही परक्यांचे चेले केलीत तर मग तोफांनी तुम्ही वाचवणार काय? तीस वर्षांनी हाच प्रश्न सगळ्यांना पडला, फक्त उत्तरं वेगळी निघाली. त्यामुळे त्याला मूर्ख म्हणून काढून टाकू नका, तुमच्या टिपणाला धार त्याच्यामुळेच येईल.

मधला एक दुवा सोडू नका, क्वो सुंगथाव. इंग्लंडमधला पहिला चिनी राजदूत, 1877 च्या जानेवारीत लंडनला पोचला. प्रवासाची रोजनिशी लिहून पाठवली आणि त्यात म्हणून गेला की या पाश्चात्त्य राज्यांनाही दोन हजार वर्षांची स्वतःची राज्यव्यवस्था आणि शिकवण आहे. म्हणजे फक्त बोटी-तोफा नाहीत, त्यांनाही मूळ आहे. एवढ्यावरून इतका गहजब झाला की छपाईचे ठसे नष्ट करायचा हुकूम निघाला. तोफा विकत घेतलेल्या चालत होत्या, पण समोरच्याला संस्कृती आहे म्हटलेलं चालत नव्हतं.

याच क्वोच्या लंडनमधल्या घरी ग्रिनिचला नौदलाचं शिक्षण घेणारा एक तरुण जायचा, गप्पा मारायचा, तो यान फू. परत आल्यावर हा माणूस तिएनत्सिनच्या नौदल शाळेत शिकवत राहिला, आणि इंग्लंडमध्ये शिकून आला तरी जुन्या पद्धतीची परीक्षा पास नाही म्हणून वजन नाही, म्हणून चार वेळा परीक्षेला बसला आणि चारही वेळा नापास. मग 1894-95 मध्ये जपानने चीनचं आरमार बुडवलं, त्यात याच्याबरोबर शिकलेले कितीतरी गेले. तैवान गेलं, 20 कोटी ताएल (चिनी वजनाचं माप) चांदीची भरपाई बसली, आणि यान फूने 1895 मध्ये वर्तमानपत्रात एकामागून एक लेख लिहिले ते अक्षरशः आग आहेत. त्याचं म्हणणं, पाश्चात्त्यांचा गाभा स्वातंत्र्य आहे आणि लोकशाही हा त्या गाभ्याचा वापर आहे. "गाभा" आणि "वापर" ही जोडी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पण त्याच दमात तो सांगतो की राजाला आत्ता घालवता येणार नाही कारण लोक तयार नाहीत, आधी लोकांचं बळ, लोकांची बुद्धी, लोकांची नीती वाढवा. तीन वर्षांनी त्याने इंग्रज शास्त्रज्ञ हक्स्लेचं उत्क्रांती आणि नीतीवरचं पुस्तक चिनीत आणलं आणि ते तुफान चाललं, पुढे हू श नावाने प्रसिद्ध झालेल्या विचारवंताने ते "श" म्हणजे "टिकायला लायक" हे अक्षर त्यातूनच घेतलं. आता यातली मेख: हक्स्लेचं म्हणणं होतं की माणसाने नीतीच्या जोरावर निसर्गातल्या झटापटीच्या उलट जायचं, पण यान फूने मध्ये मध्ये टिपा घालून स्पेन्सरची (झटापटीत लायक तेच टिकतं म्हणणाऱ्या इंग्रज विचारवंताची) बाजू लावून धरली. तेव्हा "हक्स्लेचा चीनवर प्रभाव" असं लिहू नका प्लीज.

त्याच वर्षी, 1898 ला, हूनान-हूपेइचा मोठा सुभेदार चांग चितुंग याचं "शिका" असा उपदेश करणारं पुस्तक आलं. "चिनी विद्या गाभा, पाश्चात्त्य विद्या वापर" हे घोषवाक्य त्याच्या नावावर खपतं. नेमके शब्द त्या पुस्तकात "जुनी विद्या गाभा, नवी विद्या वापर" असे आहेत, पण ते असो. याला कुठल्या खान्यात टाकाल? हाच माणूस लोखंडाचा कारखाना काढतो, विद्यार्थ्यांना जपानला पाठवतो, प्रत्येक तालुक्यातल्या दहापैकी सात देवळांच्या शाळा करा म्हणतो (हे कुठल्याही "सुधारकाने" म्हणून बघावं!), आणि तोच लिहितो की लोकांच्या हक्काच्या कल्पनेत फायदा एकही नाही आणि तोटे शंभर. त्याला राज्य, शिकवण आणि राजघराणं तिन्ही एका गाठीत ठेवायचं होतं, त्यासाठी देवळं गेली तरी हरकत नव्हती.

यान फूने याला 1902 मध्ये दिलेलं उत्तर मला फार आवडतं. बैलाचं शरीर असेल तर त्याचा वापर ओझं ओढायला, घोड्याचं शरीर असेल तर लांब दौडायला, बैलाचं शरीर आणि घोड्याचा वापर हे कधी ऐकलं नाही. चिनी विद्येला चिनी गाभा आणि चिनी वापर, पाश्चात्त्य विद्येला तिचे, वेगळे ठेवलेत तर दोन्ही जगतील, एकत्र शिवलेत तर दोन्ही मरतील. घोषवाक्याचा मुद्दाच संपला की नाही इथे?

कांग यूवेई वर मात्र माझं मत जरा तिरकं आहे. हा ग्वांगतुंगचा पंडित, 1895 ला पेकिंगमध्ये परीक्षेला आलेल्यांच्या, सांगतात त्याप्रमाणे 1200 च्या वर सह्यांचा अर्ज तयार करणारा, आणि 1898 चे सुधारणांच्या हुकमांचे शंभर दिवस (खरं तर 103, 11 जून ते 21 सप्टेंबर) ज्याच्या नावाने ओळखले जातात तो. सगळे त्याचे अर्ज आणि सम्राटाचे हुकूम पाठ करतात. खरा बॉम्ब त्याआधीच टाकून झाला होता. 1891 मध्ये त्याने पुस्तक लिहून दाखवलं की अभिजात ग्रंथांतला मोठा भाग हान काळात केलेली बनावट आहे. मग दुसऱ्या पुस्तकात म्हणाला, कन्फ्यूशियस हा जुनं जपणारा नव्हताच, तोच मूळ सुधारक होता, आपल्या नव्या कल्पना त्याने जुन्या राजांच्या तोंडी घातल्या. म्हणजे सुधारणा करणं हीच खरी परंपरा! हुशारी बघा, पण धोका पण बघा: ग्रंथ बनावट निघू शकतात असं एकदा सांगितलं की पुढचा माणूस उरलेलेही तपासायला घेणारच, आणि पुढे घेतलेच. चांगशाचा ये तहुएइ म्हणून गेला की याचा चेहरा कन्फ्यूशियसचा आहे पण काळीज परक्यांचं. त्याच्यावर तुटून पडणाऱ्यांत तोफखान्यांना, शाळांना पाठिंबा देणारेही होते, हे लिहा, कारण तुमचे खाने इथे मोडतात.

शंभर दिवसांचा शेवट माहीत आहेच, राजमाता त्सूशीने सम्राटाला कोंडलं, कांग आणि शिष्य ल्यांग छिचाव पळाले, सहाजणांचा 28 सप्टेंबरला शिरच्छेद झाला. त्यातला थान सितुंग पळू शकत असून थांबला.

आता ल्यांग. हा सगळ्यात वाचनीय, आणि सगळ्यात जास्त मतं बदलणारा. लोक त्याला त्यावरून टोमणे मारतात, मला तोच त्याचा प्रामाणिकपणा वाटतो. जपानमध्ये बसून 1902 पासून तो लिहितो की आपल्याकडे नोकर-प्रजा आहे, नागरिक नाही, आपल्या नीतीत आई-बाप, मित्र, राजा यांच्याशी कसं वागायचं सगळं आहे पण समाजाशी कसं वागायचं ते नाही. म्हणजे त्याने गाठ अशी सोडली की राजघराणं राहो न राहो, नागरिक घडला पाहिजे. मग 1903 ला अमेरिकेत गेला, सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीत आपले लोक जगातल्या मोकळ्यातल्या मोकळ्या देशात राहूनही गावकी आणि भाऊबंदकीतच अडकलेले बघितले आणि हबकला. परत येऊन लिहिलं की स्वातंत्र्य, संविधान, प्रजासत्ताक हे म्हणजे हिवाळ्यात तागाचं कापड आणि उन्हाळ्यात लोकरीचा कोट, सुंदर नाही असं नाही, पण आपल्याला बसत नाही त्याला काय करणार. पुढे तर म्हणाला, वीस-तीस-पन्नास वर्षं लोखंडी हाताने लोकांना घडवा आणि मग त्यांच्या हातात रूसो द्या.

इथून वादाचा भारताशी खराखुरा संबंध येतो, आणि तो आपल्या पुस्तकांत कोणी देत नाही म्हणून थोडं थांबतो. कांग 1901 च्या शेवटी येऊन 1903 पर्यंत चक्क दार्जिलिंगला राहिला होता, मुलगी बरोबर. तिकडे त्याचेच शिष्य, ल्यांगसकट, म्हणायला लागले होते की एकेक प्रांत स्वतंत्र करून मांचूंपासून (छिंग राजघराणं मांचू वंशाचं) सुटूया. कांगने 1902 मध्ये शिष्यांना लांबलचक पत्र लिहिलं, विषय: भारत बुडाला तो प्रांत स्वतंत्र झाल्यामुळे. मोगल सत्ता ढिली झाल्यावर जो तो सुभा वेगळा झाला आणि इंग्रजांनी एकेक करून गिळला, तुम्हीही तेच करणार का? आता हे वाचताना मराठी माणसाला जरा टोचतं, कारण ज्याला तो बुडणं म्हणतो त्यातलाच एक तुकडा आपण स्वराज्य म्हणून शिकलोय. पण त्याचा हेतू कळतो. त्याला राज्याचा नकाशा अखंड हवा होता, आणि त्यासाठी वर मांचू सम्राट चालत होता.

त्याला उत्तर चांग थायेनने दिलं, 1903 मध्ये, जाहीर पत्राने. हा माणूस जुन्या ग्रंथांचा जबरदस्त पंडित, आणि क्रांतिकारक. तुमच्या खान्यांत "पंडित म्हणजे सनातनी" असतो ना, हा बघा. त्याने सम्राटाचं खाजगी नाव, जे लिहिणं हाच गुन्हा, ते घेऊन त्याला विदूषक म्हटलं, डाळ आणि गहू यातला फरक न कळणारा. आणि लोक तयार नाहीत या यान-ल्यांग-कांग तिघांच्या युक्तिवादाला उत्तर दिलं की न्याय लोकांना कळत नसेल तर क्रांतीच तो कळवेल, जुन्या रूढी असतील तर क्रांतीच त्या घालवेल. शांघायच्या परकीय वस्तीत खटला चालला, चीन सरकार आपल्याच देशात परक्यांच्या कोर्टात फिर्यादी म्हणून उभं! त्याला तीन वर्षं, आणि "क्रांतिसेना" लिहिणाऱ्या त्सौ जुंग या पोराला दोन वर्षं. पोरगा 1905 ला तुरुंगातच गेला. चांग 1906 ला सुटून टोकियोला गेला आणि क्रांतिकारकांचा नेता सुन यत्सेन याच्या संघटनेचं मासिक चालवायला लागला.

आणि तिथे, 1907 च्या एप्रिलमध्ये, टोकियोतल्या भारतीय विद्यार्थ्यांनी शिवाजी महाराजांचा स्मरणोत्सव केला, त्याला हा हजर होता. त्याने मासिकात त्यावर टिपण लिहिलंय. मी पहिल्यांदा चिनी अक्षरांत "शि-फो-छी राजा" असं काहीसं बघितलं तेव्हा मिनिटभर कळलंच नाही हे कोण. त्याला मोगलांविरुद्ध उठलेला राजा आणि इंग्रजांविरुद्ध त्याचं स्मरण हे बरोबर समजलं, मांचूंविरुद्धची स्वतःची लढाई त्याला त्यात दिसणारच. पण टिपणातला राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. सभेत जपानचे माजी पंतप्रधान ओकुमा बोलले, आणि बोलले काय, तर इंग्रज राजाने भारताला फार मायेने वागवलंय, तुम्ही आधी समाज सुधारा, दुसऱ्याला दोष देऊ नका, दंगा करू नका. "आधी स्वतःला सुधारा" हे वाक्य चांगने कांगकडून ऐकलं होतं, आता राज्यकर्त्याच्या तोंडून ऐकलं. त्याच वर्षी टोकियोत आशियातल्या लोकांची एकजूट करायची सभा निघाली त्यात तो होता. म्हणजे भारत एकच, पण दार्जिलिंगमधून कांगला दिसला तो फुटीचा धडा आणि टोकियोतून चांग थायेनला दिसला तो उठावाचा.

पण म्हणून चांग थायेनला लोकशाहीवाला समजू नका. 1908 मध्ये त्याने गणित मांडलं, 42 कोटी लोक आणि 700 प्रतिनिधी, म्हणजे सहा लाखांमागे एक, निवडून येणार कोण तर गावोगावचे धनदांडगे, मग ही संसद म्हणजे लोकांच्या डोक्यावर आणखी एक थर. आणि यान फूच्या उत्क्रांतीवर म्हणाला, चांगलं वाढतं तसं वाईटही वाढतं, खुश कशाला व्हायचं.

एक नाव अजून, हो चेन. 1907 ला टोकियोतच, नवऱ्याबरोबर अराजकतावादी मासिक काढायची. ल्यांगने 1897 मध्ये लिहिलं होतं की देशातल्या 20 कोटी बायका कमावत नाहीत, नुसत्या खातात, म्हणून देश गरीब, म्हणून त्यांना शिकवा. हो चेनचा सवाल, पुरुष पाय बांधणं सोडवतायत ते कोणासाठी, बायकांसाठी की स्वतःच्या नावासाठी आणि देशाच्या ताकदीसाठी? तिने ना राज्य वाचवायचं म्हटलं ना घराणं ना शिकवण. तुमच्या तीन खान्यांत ती कुठेच बसत नाही, म्हणून ती पाहिजेच.

राहिला प्रश्न, खरं कोणाचं ठरलं. 1901 नंतर दरबाराने स्वतःच शंभर दिवसांतल्या बऱ्याच गोष्टी केल्या, 1905 ला परीक्षा बंद केली, ती बंद करा म्हणणाऱ्यांत चांग चितुंगच पुढे होता. तो 1909 ला गेला. 10 ऑक्टोबर 1911 ला पहिली गोळी झाडली ती वूचांगला, त्यानेच उभ्या केलेल्या नव्या फौजेतल्या शिपायांनी. मग एकेक प्रांत स्वतंत्र झाल्याचं जाहीर करत गेला, त्यात ल्यांगच्या बाजूचे संविधानवाले प्रांतिक सभांमधून पुढे होते, आणि कांगला दार्जिलिंगमध्ये जी भीती होती ती तशीच्या तशी समोर आली. यान फूने 1915 ला राष्ट्राध्यक्ष युआन शकाइला सम्राट करायच्या मंडळात आपलं नाव घालू दिलं. कांगने 1917 मध्ये पोरवयाच्या पूयीला (शेवटच्या छिंग सम्राटाला) पुन्हा गादीवर बसवायच्या खटपटीत हात घातला, ती गादी बारा दिवस टिकली. आणि याच माणसाकडे एक हस्तलिखित होतं, दार्जिलिंगच्या मुक्कामात बरंचसं लिहिलेलं, ज्यात देश नाहीत, कुटुंब नाही, लग्न म्हणजे मुदतीचा करार, स्त्री-पुरुष सारखे. लोकांना अजून झेपणार नाही म्हणून त्याने ते पूर्ण छापू दिलंच नाही, ते आलं 1935 ला, तो गेल्यावर आठ वर्षांनी.